चुकायचं, पण अगदी मोजून

आजचा विषय आहे बॅलेमधल्या चुका. पाय घसरून झालेल्या नव्हे, तर तालीम करून, ताल मोजून मुद्दाम केलेल्या चुका. बॅले कधी पाहिला नसेल तरी चालेल, ऐकत राहा.

आधी नियम बघू, कारण नियमच माहीत नसेल तर चूक कळणार कशी? १८७७ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये मारियुस पेटिपाने 'ला बायादेर' हा बॅले बसवला. कथा भारतातली, म्हणजे त्याच्या कल्पनेतल्या भारतातली, आणि नायिका मंदिरात नाचणारी. त्यात सावल्यांचा एक प्रवेश आहे. पांढऱ्या कपड्यातल्या मुली एका उतारावरून एकामागून एक खाली येतात. प्रत्येकीचं काम तेच: एका पायावर तोल सांभाळायचा, दुसरा पाय मागे उचलायचा, मग पुढे सरकून पुन्हा तेच. आज अनेक ठिकाणी या २४ किंवा ३२ जणी असतात. शेवटची खाली पोचेपर्यंत पहिलीची सुटका नाही.

अशा समूहाला 'कोर द बॅले' म्हणतात. फ्रेंचमध्ये 'कोर' म्हणजे शरीर. मुली अनेक, शरीर एक. प्रेक्षकाला त्यातली एकटी मुलगी कधी दिसते? तिचा पाय डगमगला की! मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, तिथेही हाच प्रकार. सर्व्हर नीट चालतोय तोवर त्याचं नाव कुणी काढत नाही, बंद पडला की सगळ्यांना त्याची आठवण येते.

आता १९३४. जॉर्ज बालांशिन रशियातून युरोपमार्गे नुकताच न्यूयॉर्कला आला होता. नव्या शाळेतल्या विद्यार्थिनींना घेऊन तो चायकोव्हस्कीच्या संगीतावर 'सेरेनेड' बसवू लागला. पहिल्या दिवशी १७ जणी आल्या, तर त्याने १७ जणींची रचना केली. दुसऱ्या दिवशी ज्या आल्या, त्यांची पुढची. एकदा धावत बाहेर जाताना एक मुलगी पडली. त्याने ते पडणं नाचात ठेवलं. एक जण उशिरा आली, तर तिचं उशिरा येणंही ठेवलं. आजही 'सेरेनेड'मध्ये सगळ्या जणी उभ्या असताना एक मुलगी मागून येते आणि आपली जागा शोधते. पण इथे कुणी हसत नाही. उलट पोटात काहीतरी हलतं, कारण इतक्या वेळात पहिल्यांदाच त्या समूहात आपल्याला एक माणूस दिसलेलं असतं.

हसू आणलं जेरोम रॉबिन्सने. हाच तो 'वेस्ट साइड स्टोरी'वाला. १९५६ साली न्यूयॉर्क सिटी बॅलेसाठी त्याने 'द कॉन्सर्ट' केला. स्टेजवर खरा पियानो, शोपँचं संगीत. त्यात एक तुकडा आहे, लोक त्याला 'मिस्टेक वॉल्ट्झ' म्हणतात. सहा मुली, नाच अगदी शास्त्रशुद्ध. फक्त एकीचा हात वर जातो तेव्हा बाकीच्यांचे खाली. ती डोळ्याच्या कोपऱ्यातून बघते, गुपचूप सुधारते, तोवर बाकीच्यांची दिशा बदललेली!

हे का जमतं? एक तर मुली हसवायचा प्रयत्न करत नाहीत. त्यांना मनापासून बरोबरच नाचायचंय. दुसरं, चुकांचं प्रमाण. सहाही जणी वाटेल तसं नाचल्या तर तो नुसता गोंधळ. पाच जणी काटेकोर असतील तरच सहावीची चूक दिसते. आणि तिलाही आपली चूक ठरलेल्या ठोक्यावरच करावी लागते. ठोका हुकला तर विनोद मेला. म्हणजे या नाचातही खरी चूक परवडत नाहीच.

शोपँ किंवा बॅले यांना कमी लेखायचा रॉबिन्सचा इरादा होता असं मला वाटत नाही. त्याच शोपँवर १९६९ मध्ये त्याने 'डान्सेस ॲट अ गॅदरिंग' हा गंभीर, सुंदर बॅले केला. मला वाटतं, आपल्याला हसू येतं ते ओळखीचं असतं. नव्या टीममध्ये, लग्नाच्या पंगतीत, परक्या शहरात आपणही बाजूला चोरून बघतोच ना: मी चुकतोय की बाकीचे? पेटिपाच्या ओळीत चूक म्हणजे नामुष्की. रॉबिन्सच्या ओळीत त्याच चुकीमुळे त्या मुलीला चेहरा मिळतो.

व्हिडिओ सापडला तर दोनदा बघा. पहिल्यांदा मनसोक्त हसा. दुसऱ्यांदा एकाच मुलीवर नजर ठेवा आणि ती किती अचूक चुकते ते बघा.

पुढच्या भागात बोलू 'ट्रॉकादेरो'बद्दल. १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली ही मंडळी सगळी पुरुष, आणि नायिकांच्या भूमिकाही तेच पायाच्या बोटांवर उभे राहून नाचतात. तोवर, भेटूच!