टँपाने टाकून दिलेले क्वार्टरबॅक

अमेरिकन फुटबॉलमध्ये एक अजब हिशेब मांडला जातो. मैदानावर संघाचे ११ जण असतात, त्यातही आक्रमणाचे ११ वेगळे आणि बचावाचे ११ वेगळे. तरीही सामना जिंकल्या-हरल्याची नोंद एकाच माणसाच्या नावापुढे होते: क्वार्टरबॅकच्या. क्रिकेटमध्ये एखाद्या फलंदाजाच्या नावापुढे 'जिंकले ३, हरले १६' असं कोणी लिहीत नाही. इथे मात्र प्रतिस्पर्धी गुण करत असताना जो बाकावर बसून पाणी पीत असतो, त्याच्या खात्यावरही तो पराभव चढतो. खुद्द त्याचं काम बघितलं तरी ते त्याच्या एकट्याच्या हातात कुठे असतं? चेंडू हाती आला की त्याला जेमतेम तीन सेकंद मिळतात. समोरून सव्वाशे-सव्वाशे किलोचे गडी चालून येतात आणि त्यांना अडवायला पाच जणांची फळी असते. फळी टिकली आणि पुढे पळणारा साथीदार मोकळा झाला, तर पास जातो. नाही तर क्वार्टरबॅक चेंडूसकट आडवा होतो, किंवा घाईत भिरकावलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडतो. त्याला इंटरसेप्शन म्हणतात आणि ती चूक फळीतल्या गड्याच्या नावावर कधीच लागत नाही.

दुबळ्या संघातल्या तरुण क्वार्टरबॅकला पारखायचं कसं, हा वाद या खेळात दर हंगामाला नव्याने पेटतो. फ्लोरिडातल्या टँपा बे बकेनिअर्स या संघाने त्यावर जेवढा पुरावा मागे ठेवला आहे तेवढा क्वचितच कुणी ठेवला असेल. १९७६ साली जन्मलेला हा संघ पहिल्या हंगामातले १४ च्या १४ सामने हरला, दुसऱ्या वर्षीही हरतच राहिला आणि सलग २६ पराभवांनंतर डिसेंबर १९७७ मध्ये त्याला पहिला विजय मिळाला. त्यानंतरच्या दोन दशकांत हुशार म्हणून निवडलेले तरुण क्वार्टरबॅक एकामागून एक इथे आले, इथे नापास ठरले आणि दुसरीकडे जाऊन चमकले. असं एकदा घडलं तर योगायोग म्हणता येईल. पुन्हा पुन्हा घडू लागलं की परीक्षार्थ्यापेक्षा परीक्षेकडे संशयाने बघायला हवं.

पहिला डग विल्यम्स. नव्या खेळाडूंच्या १९७८ च्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) पहिल्या फेरीत तो टँपाकडे आला आणि दुसऱ्याच वर्षी संघ अंतिम सामन्यापासून एक पायरी खाली पोहोचला. त्या हंगामात त्याचे निम्मे पासही लक्ष्यावर पडले नव्हते. त्यामुळे लोकांनी सोयीचा निवाडा केला: विजय बचावाचे, विल्यम्स नुसता बरोबर आहे. पाच वर्षांत संघ तीनदा बाद फेरीत गेला. तो पहिल्या पसंतीचा खेळाडू, पण वर्षाला १,२०,००० डॉलर एवढ्याच पगारावर. इतर संघांचे कित्येक राखीव क्वार्टरबॅक याहून जास्त मिळवत होते. मालक ह्यू कल्व्हरहाउस यांच्याशी पगारावरून बिनसलं आणि १९८३ मध्ये तो नव्या प्रतिस्पर्धी लीगमध्ये गेला. त्या वर्षी टँपाने १६ पैकी १४ सामने गमावले. नुसत्या बरोबर असलेल्या माणसाच्या जाण्याने एवढी पडझड होत नसते. विल्यम्स कृष्णवर्णीय होता आणि कृष्णवर्णीय माणसाकडे हात असतो, डोकं नसतं, हा समज त्या काळी खेळात उघड वावरत होता. तो समज बाजूला ठेवून विल्यम्सच्या कामगिरीचे आकडे वाचणारे थोडे होते. जानेवारी १९८८ मध्ये वॉशिंग्टनकडून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, खेळताना त्याने एकट्या दुसऱ्या सत्रात चार टचडाउन पास टाकले, ४२-१० असा विजय मिळवला आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

त्याच्यानंतरचं मोठं नाव स्टीव्ह यंगचं. १९८५ आणि १९८६ या दोन हंगामांत टँपासाठी १९ सामन्यांची सुरुवात त्याने केली. त्यातले ३ जिंकले, १६ हरले. टचडाउन पास ११, इंटरसेप्शन २१. त्याच्यावरचा मोठा आक्षेप असा की हा जागेवर थांबत नाही, दबाव आला की चेंडू घेऊन पळतो. टँपाने १९८७ मध्ये निवडीतल्या दोन हक्कांच्या बदल्यात त्याला सॅन फ्रान्सिस्कोला देऊन टाकलं. त्यातला एक दुसऱ्या फेरीतला, एक चौथ्या फेरीतला. पहिल्या फेरीतला हक्कसुद्धा कुणी मोजला नाही. पुढच्याच वर्षी मिनेसोटाविरुद्ध यंगने नेमकं तेच केलं ज्यासाठी टँपात शिव्या खाल्ल्या होत्या. फळी फुटल्यावर तो निसटला, एकेकाला चुकवत ४९ यार्ड पळाला आणि दमून अडखळत शेवटच्या रेषेत कोसळला. सामना तिथेच जिंकला. १९९२ आणि १९९४ साली तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि जानेवारी १९९५ च्या सुपर बोलमध्ये त्याने सहा टचडाउन पास टाकून विक्रम केला.

यावर जाणकारांचा रास्त आक्षेप आहे. सॅन फ्रान्सिस्कोत गेलेला यंग टँपातलाच राहिला होता का? बिल वॉल्शसारखा प्रशिक्षक त्याला मिळाला, तिथला पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक जो माँटाना याच्या मागे बसून चार वर्षं त्याने खेळ पाहिला, पास कधी टाकायचा आणि कधी पळायचं हे तो शिकला. म्हणजे टँपाने केलेलं मूल्यमापन त्या दिवसापुरतं बरोबरच होतं. वाद म्हणून हे पटतं, पण ते नेमकं कुणाच्या बाजूने जातं ते पाहावं. तरुण क्वार्टरबॅकला शिकवणं हे संघाचं काम. ते एका ठिकाणी झालं आणि दुसऱ्या ठिकाणी झालं नाही, एवढंच यातून सिद्ध होतं. शिवाय टँपाने निवाडा 'अजून तयार नाही' असा केलाच नव्हता. माणूस विकून मोकळं होणं हा 'कधीच होणार नाही' असा निवाडा असतो.

यंगला घालवून टँपाने १९८७ च्या निवडीत पहिल्या क्रमांकावर विनी टेस्टाव्हर्डीला घेतलं. १९८८ मध्ये त्याने १३ टचडाउन पास टाकले आणि तब्बल ३५ इंटरसेप्शन दिले. एका हंगामात याहून जास्त इंटरसेप्शन लीगच्या इतिहासात एकट्या जॉर्ज ब्लँडाच्या नावावर आहेत. गावाने मग त्याला सोडलं नाही. त्याला रंगांतला फरक नीट दिसत नाही हे कळल्यावर एका रेडिओ केंद्राने रस्त्यावर मोठा फलक लावला: निळ्या पार्श्वभूमीवर टेस्टाव्हर्डी आणि याला हा रंग नारिंगी वाटतो अशी टिंगल, कारण संघाचा गणवेश नारिंगी होता. रंगांधळेपणावरची ही थट्टा हीन होतीच, पण तिच्यामुळे संघाचं व्यवस्थापन चर्चेतून अलगद सुटलं हे जास्त महत्त्वाचं. हाच माणूस १९९८ मध्ये न्यू यॉर्क जेट्सकडून २९ टचडाउन आणि केवळ ७ इंटरसेप्शन अशा आकड्यांनी खेळला आणि संघाला सुपर बोलच्या उंबरठ्यावर घेऊन गेला. ३५ आणि ७ यांतला फरक केवळ वयाने पडला असं म्हणणं धाडसाचं आहे.

टँपा एवढा दुबळा का राहिला, याचं उत्तर मैदानाबाहेर आहे. १९६० च्या दशकापासून टीव्हीच्या हक्कांचे पैसे सगळ्या संघांत सारखे वाटले जातात, त्यामुळे हरणाऱ्या मालकाचा खिसा फारसा रिकामा होत नाही. कल्व्हरहाउस यांचा हात आखडता असल्याची कीर्ती होतीच. १९८३ ते १९९४ अशी सलग बारा वर्षं संघाने दर हंगामात किमान दहा सामने गमावले. १९८६ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या बो जॅक्सनने तर टँपाला नकार दिला आणि तो बेसबॉल खेळायला गेला. त्यात निवडीचा नियमच असा की सर्वांत वाईट संघाला पहिला हक्क. फिलाडेल्फिया संघाचे मालक बर्ट बेल यांच्या सूचनेवरून १९३६ पासून ही पद्धत सुरू झाली. हेतू चांगला होता, दुबळ्याला बळ मिळावं. पण परिणाम असा की सर्वांत गुणी तरुण नेमका अशा घरी पाठवला जातो जिथे फळी मोडकी, प्रशिक्षक बदलत असलेला आणि गाव चिडलेलं. १९८३ च्या निवडीत डॅन मरीनोला तब्बल २६ जणांनंतर घेतलं गेलं. पण ज्या मायामीने घेतलं तो संघ त्याच वर्षी जानेवारीत सुपर बोल खेळून आलेला होता. दुसऱ्याच हंगामात मरीनोने ४८ टचडाउन पास टाकून विक्रम मोडला. पहिल्या क्रमांकाचा मान त्याला मिळाला असता, तर त्याच्याबद्दल लोक काय बोलले असते?

आता मोठा आक्षेप. बहरलेल्यांचीच नावं लक्षात राहतात आणि प्रत्येक यंगमागे दहा असे असतात जे कुठेही गेले तरी खेळले नसते; मग परिस्थितीचं कारण देऊन सगळ्यांनाच माफी द्यायची का? मुळीच नाही. रायन लीफला १९९८ मध्ये पेटन मॅनिंगच्या मागोमाग दुसऱ्या क्रमांकावर निवडलं. सॅन डिएगोत पहिल्या वर्षी त्याने दोन टचडाउन पास टाकले आणि १५ इंटरसेप्शन दिले. नंतर तो टँपातही आला, मग डॅलसला गेला, आणि कुठेच काही बदललं नाही. जे गावोगाव सोबत जातं ते माणसाचं, हे मान्यच करायला हवं. पण त्या एका हंगामाचे संघांचे निकाल पाहावेत: लीफच्या सॅन डिएगोने पाच सामने जिंकले, मॅनिंगच्या इंडियानापोलिसने तीनच. इंटरसेप्शनही मॅनिंगचीच जास्त, २८. विजयावर किंवा नुसत्या चुकांच्या बेरजेवर बोट ठेवणाऱ्याने लीफलाच निवडलं असतं. फरक दिसतो तो चुकांच्या क्रमात. मॅनिंगने पहिल्या चार सामन्यांत ११ इंटरसेप्शन दिले, उरलेल्या बारा सामन्यांत १७. तीच चूक तोच माणूस पुन्हा करतो की नाही, हे दुबळ्या संघातही दिसतं. बेरीज दाखवत नाही, पण सामने क्रमाने पाहणाऱ्याला दिसतं.

टँपाचाच दाखला उलटा फिरवणारेही आहेत. २०१९ मध्ये जेमिस विन्स्टनने ३० इंटरसेप्शन दिले आणि संघाने नऊ सामने गमावले. पुढच्या वर्षी त्याच्या जागी टॉम ब्रेडी आला आणि टँपाने सुपर बोल जिंकला. संघ बहुतांश तोच, माणूस बदलला. मग सगळं क्वार्टरबॅकवरच नाही का? नाही, कारण २०१९ चा टँपा दुबळा नव्हता. पास झेलणारे माइक एव्हन्स आणि ख्रिस गॉडविन होते, बचाव उभा राहिला होता. चांगल्या संघात क्वार्टरबॅकचा दोष वेगळा काढता येतो, कारण बाकीचं यंत्र चालू असतं. वाईट संघात तो काढता येत नाही. विन्स्टनविरुद्ध हा पुरावा ग्राह्य धरता येतो. यंगविरुद्ध तसा पुरावा कुणाकडेच नव्हता.

तरी २०११ नंतर तरुण क्वार्टरबॅकचा निवाडा करण्याची घाई वाढली आहे, कारण लीग आणि खेळाडू यांच्यातल्या त्या वर्षीच्या करारात नव्या खेळाडूंचे पगार आवळले गेले. २०१० चा पहिला खेळाडू सॅम ब्रॅडफर्ड ७ कोटी ८० लाख डॉलरच्या करारावर आला होता, तर पुढच्या वर्षीच्या पहिल्या कॅम न्यूटनचा करार सव्वादोन कोटींच्याही आत. तरुण क्वार्टरबॅक स्वस्तात पडतो म्हणून ती चार वर्षंच जिंकायची अशी गणितं होतात, आणि माणूस चुकला की बदलायलाही फारसे पैसे जात नाहीत. ॲरिझोनाने जॉश रोझनला २०१८ मध्ये निवडलं आणि १६ पैकी तीन सामने जिंकल्यावर वर्षभरात दुसरा क्वार्टरबॅक आणला. बेकर मेफील्ड त्याच निवडीतला पहिला. आधल्या वर्षी एकही सामना न जिंकलेल्या क्लीव्हलँडने त्याला घेतलं, त्याने त्यांना बाद फेरीत नेलं, तरी २०२२ मध्ये त्यांनी त्याला कॅरोलिनाला देऊन टाकलं आणि कॅरोलिनाने हंगाम संपायच्या आतच मुक्त केलं. २०२३ मध्ये एका वर्षाच्या करारावर त्याला घेणारा संघ टँपा होता. त्या हंगामात त्याने २८ टचडाउन पास टाकले, १० इंटरसेप्शन दिले आणि बाद फेरीत फिलाडेल्फियाला हरवलं.