फर्निचर : झीज आणि निगा

लाकडी आणि गादीदार फर्निचरचा रंग, आकार, पृष्ठभाग आणि सांधे यांत काळाच्या ओघात होणाऱ्या बदलांना ढोबळपणे झीज म्हणतात. हे बदल मुख्यतः वापरामुळे होतात असे मानले जाते आणि निगेच्या रूढ पद्धतीही त्याच समजुतीवर बेतलेल्या आहेत : पुसा, चकचकीत ठेवा, झाकून ठेवा. महाराष्ट्रात मात्र वर्षातले चार महिने हवा ओलीचिंब असते आणि उन्हाळ्यात ती पार कोरडी पडते. अशा प्रदेशात फर्निचर बसण्या-उठण्याने बदलते त्याहून अधिक हवेने बदलते. म्हणून कोणता बदल हा त्या साहित्याचा स्वभाव आणि कोणता बिघाड, हे आधी ओळखावे लागते. ते न ओळखता केलेल्या दुरुस्तीने बहुतेक वेळा मूळ झिजेपेक्षा जास्त नुकसान होते.

लाकूड चिरले, वाळवले, पॉलिश केले तरी हवेतली ओल घेणे आणि सोडणे थांबवत नाही. तापमान ३० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असेल, तर लाकडातला ओलावा हळूहळू १७ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो; आर्द्रता २० टक्क्यांवर आली आणि तशीच राहिली, तर तो ४ ते ५ टक्क्यांपर्यंत उतरू शकतो. पहिली स्थिती कोकणातल्या जुलैची, दुसरी विदर्भातल्या मे महिन्यातल्या दुपारची. या चढउतारात लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत फुगते आणि आकसते. ही हालचाल वार्षिक वलयांना समांतर अशा दिशेने सर्वाधिक, तर गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे निम्मी असते. सागवान हे त्यातल्या त्यात शांत लाकूड, तरीही ४५ सेंटिमीटर रुंदीच्या फळीचा ओलावा ५ टक्क्यांनी बदलला तर तिच्या रुंदीत ४ मिलिमीटरपर्यंत फरक पडू शकतो. पावसाळ्यात टेबलाचा खण अडकतो तो यामुळेच. तेव्हा सुताराला बोलावून खणाच्या कडेवर रंधा मारून घेतला, की फेब्रुवारीत तोच खण डुगडुगू लागतो आणि पुढच्या बाजूला फट दिसते. फुगलेला खण हा बिघाड नव्हे. ज्या पट्टीवर तो सरकतो तिला मेणबत्ती घासावी आणि दसरा-दिवाळीपर्यंत थांबावे. जुन्या कपाटांच्या दारांत मधली फळी चौकटीच्या खाचेत नुसती बसवलेली असते, खिळा किंवा सरस लावून जखडलेली नसते. फळीला हलायला जागा हवी, हे त्या कारागिरांना नीट ठाऊक होते. फळीच्या कडेला पॉलिश न लागलेली फिकी रेघ दिसते म्हणून ती फट लांबी भरून बुजवणे म्हणजे पुढच्या पावसाळ्यात चौकटीचे सांधे उघडायला लावणे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की चांगले पॉलिश केल्यावर ओल आत शिरतेच कशी? पॉलिश ओलीचा वेग कमी करते, तिला अडवत नाही. शिवाय टेबलाचा माथा आरशासारखा चकाकत असतो, पण त्याची खालची बाजू बहुधा कोरीच असते. एका बाजूने ओल लवकर आणि दुसऱ्या बाजूने उशिरा शिरली की फळी वाकते. खालच्या बाजूला एक साधा हात फिरवणे हे माथ्यावरच्या चौथ्या हातापेक्षा कामाचे, पण दिसत नसल्याने त्यासाठी कोणी पैसे मोजत नाही. दुसरा आक्षेप वातानुकूलनाचा. यंत्र हवा कोरडी करते हे खरे. पण रात्री काही तास चालू आणि दिवसभर बंद असा त्याचा क्रम असेल तर हवा रोज पालटते, आणि यंत्राच्या थेट झोताखालचे कपाट इतर सामानापेक्षा लवकर तडकते. पावसाळ्यात यंत्रापेक्षा भिंत आणि कपाट यांच्यामध्ये चार बोटे अंतर ठेवल्याने जास्त फरक पडतो. कपाटाच्या पाठीमागची बुरशी कोंडलेल्या हवेतच धरते.

पृष्ठभागावरच्या डागांचा रंग पाहिला तर ते किती खोल गेले आहेत याचा अंदाज येतो. गरम कप ठेवल्याने उमटलेले पांढरे वर्तुळ बहुधा पॉलिशच्या थरात अडकलेल्या ओलीचे असते, लाकूड खाली शाबूत असते. काळे वर्तुळ लाकडातलेच : पाणी आत मुरले आणि लोखंडाचा अंश लाकडातल्या टॅनिनशी मिसळला की असा डाग पडतो, आणि तो वरून घासून जात नाही. जुने पॉलिश चपडीचे, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे, असेल तर उपाय सोपा आहे. नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो. पॉलियुरेथेन किंवा मेलामाइनचे पॉलिश कणखर असते, पण एकदा तडे गेले की डागडुजी न होता पूर्ण थरच काढावा लागतो. ‘लाकडाला तेल पाजावे, नाहीतर ते कोरडे पडते’ हा सल्ला सर्रास दिला जातो. लाकूड तडकते ते पाणी गेल्याने, तेल नसल्याने नव्हे. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल वाळत नाही. चिकट राहून धूळ धरते. जवसाचे तेल वाळते, पण वर्षानुवर्षे गडद होत जाते. त्यात भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर आपोआप पेटूही शकतात. रोजच्या पुसण्याला किंचित ओलसर आणि लगेच कोरडे फडके पुरते.

गादीकामात गैरसमज आणखी दाट आहेत. फोम दुकानात ३२ किंवा ४० ‘डेन्सिटी’चा म्हणून विकला जातो. हा आकडा एका घनमीटरचे किलोग्रॅममधले वजन सांगतो, कडकपणा नव्हे. नव्या फोमचा कडकपणा पहिल्या काही महिन्यांत थोडा उतरतो आणि मग बराच काळ स्थिर राहतो. ही सुरुवातीची नरमाई दोष समजून फोम बदलण्यात अर्थ नाही. उशा पालटत राहिले की दाब वाटला जातो. मखमलीवर दिसणारे गडद-फिके पट्टेही तंतू एका बाजूला लवल्याने दिसतात, तिथे कापड झिजलेले नसते. खरा बिघाड कृत्रिम चामड्यात असतो. पॉलियुरेथेनचा लेप दिलेले कापड दमट हवेत काही वर्षांनी पापुद्रे सोडू लागते, कारण पाण्याच्या अंशाने लेपातली रासायनिक साखळीच तुटते. प्लास्टिकच्या आवरणाखाली पाहुण्यांसाठी जपून ठेवलेला सोफाही तसाच सोलवटतो. तो कोणी बसल्यामुळे सोलवटलेला नसतो, आणि कोणतेही क्रीम लावून पूर्ववत होत नाही. समुद्रकाठच्या गावात असा सोफा घेणे हे कापडी सोफ्याच्या तुलनेत महागात पडते, दुकानातली किंमत काहीही असो.

एवढा विचार संग्रहालयांनी करावा, घरच्या खुर्चीला काचकागद मारून नवे पॉलिश केले तर काय बिघडले, असा व्यवहारी प्रश्न उरतो. भरीव सागाच्या खुर्चीचे फारसे बिघडत नाही. काचकागदाने काही शतांश मिलिमीटर गेले तरी खाली तेच लाकूड असते. पण प्लायवूडवरच्या शोभेच्या व्हिनियरचा थर अर्ध्या मिलिमीटरचा किंवा त्याहून पातळ असतो आणि यंत्राने घासताना तो कडेला सहज आरपार जातो. सांध्यांबाबतही हाच विवेक लागतो. सरसाने जोडलेला जुना सांधा कोमट पाण्याने सुटतो, स्वच्छ होतो, पुन्हा जुळतो. त्याच्यावरच फेविकॉल ओतला तर तो लाकडाला न धरता जुन्या सरसाला धरतो आणि काही महिन्यांत निसटतो. इराणी हॉटेलांतून परिचित झालेल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांची मूळ जात म्हणजे थोनेट कंपनीची १८५९ ची १४ क्रमांकाची खुर्ची : सहा लाकडी तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. ती डुगडुगली तर स्क्रू आवळायचे असतात. तिच्या वेताच्या आसनाला झोळ आला, पण वेत तुटलेला नसला, तर खालच्या बाजूने गरम पाण्याने भिजवून वाळू दिल्यावर तो पुष्कळसा ताणला जातो.

कीड ओळखण्यातही तारतम्य हवे. सागाच्या गाभ्याच्या लाकडाला वाळवी सहसा लागत नाही, बाहेरच्या फिकट रसकाष्ठाला मात्र लागते. म्हणून ‘सागाला काही होत नाही’ हे विधान फिकी पट्टी असलेल्या फळीला लागू नाही. एक-दोन मिलिमीटरची गोल छिद्रे भुंगेऱ्यांची, मातीच्या नळ्या वाळवीच्या. छिद्रांखाली काळा कागद पसरून ठेवावा : काही दिवसांनी त्यावर ताजी, फिकट पूड पडली तर कीड जिवंत आहे आणि औषध मारावे, नाही पडली तर छिद्रे मेणाने बुजवून कपाट वापरात ठेवावे. पार्टिकल बोर्डाला मात्र यातले काही लागू होत नाही. भुसा आणि डिंक दाबून केलेली ती फळी पाण्याने फुगली की पुन्हा बसत नाही, तिच्यात स्क्रू धरत नाही, आणि ती बदलण्यावाचून इलाज नसतो.