शेजारच्या जिल्ह्याने जगाला दिलेला पुरावा

इतिहास म्हटला की राजे आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. आम्ही कामगार संघटनेत वाढलेली माणसे. आमचे शिक्षण सभांत आणि वाचनालयांत झाले. त्यामुळे कष्टकऱ्यांनी घडविलेला, परंतु त्यांच्या नावे न लागलेला इतिहास आम्हांला अधिक ओढतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा इतिहास तसाच आहे.

पेशी काचेवर पसरून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून हा रोग वेळीच ओळखण्याची रीत पापानिकोलाऊ यांनी १९४३ साली ग्रंथरूपाने मांडली. रोगाचे मूळ मात्र पुढे सापडले. १९८३ साली जर्मनीत हाराल्ड झुर हाउझेन यांनी या कर्करोगाच्या पेशींत पॅपिलोमा विषाणूचा सोळावा प्रकार दाखविला. २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

विषाणू शिरला म्हणजे कर्करोग झाला, असे नव्हे. बहुतेक स्त्रियांचे शरीर त्याला वर्षा-दोन वर्षांत हुसकावते. जेथे तो ठाण मांडतो, तेथे त्याची ई-६ आणि ई-७ ही प्रथिने घात करतात. पेशीला बेबंद वाढू न देणारे दोन राखणदार असतात; एक प्रथिन एकाचा नाश करविते, दुसरे दुसऱ्याला निकामी करते.

आता आपल्या शेजारी येऊ. १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा प्रयोग सुरू झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय आणि मुंबईचे टाटा रुग्णालय त्यात होते. खेड्यांतील तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट केले. विषाणूच्या जनुकद्रव्याची चाचणी लाभलेल्या ३४,१२६ जणींत आठ वर्षांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. नेहमीच्या सोयींवर सोडलेल्या ३१,४८८ जणींत ६४. एका चाचणीने मृत्यू निम्म्यावर येतात, हे २००९ साली जगाला कळले. तपासणीवाचून ठेवलेल्या गटावरून पुढे वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.

प्रथिने शोधणाऱ्या चाचण्याही निघाल्या आहेत. ई-६ प्रथिन असले की पट्टीवर रेघ उमटते. चीनच्या खेड्यांत ती पट्टी पारखली गेली. ती निष्कारण धास्ती कमी लावते, पण सुरुवातीचा काही रोग तिच्यातून निसटतो. म्हणून विषाणूची चाचणी आधी, प्रथिनाची नंतर, असा विचार पुढे आला आहे.

आता आमच्या जिल्ह्याचा हिशेब पाहा. २०१९ साली शासनाच्या समितीने बीडच्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांतील १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. कर्करोग होईल, अशी भीती घालण्यात आल्याचे अनेकींनी सांगितले. शिवाय फडात खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. तेव्हा पाळीची कटकट कायमची मिटलेली बरी, असे बाईला वाटू लागते. शेजारच्या बायकांनी जगाला जी चाचणी सिद्ध करून दिली, ती दारी आली असती तर भीतीला उत्तर मिळाले असते.

आमची मागणी साधी आहे. दसऱ्यानंतर कोयता निघण्यापूर्वी, गावातच, खाडा न धरता प्रत्येकीची तपासणी व्हावी, आणि निकाल तिच्या हाती पडावा. ज्यांनी पुरावा दिला, त्यांच्या बहिणींचा त्यावर पहिला हक्क आहे.