लक्ष्मीबाई आणि श्रमाची शाळा

भगिनींनो, कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव निघाले की त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी वसतिगृहातील मुलांसाठी मंगळसूत्र विकले, ही हकीगत हटकून सांगितली जाते. ती ऐकून आपले डोळे पाणावतात आणि पाणावलेच पाहिजेत. परंतु दागिने त्या माउलीने एकदाच दिले, कष्ट मात्र वर्षानुवर्षे केले. त्या कष्टांतून मुलांना कोणते शिक्षण मिळाले, याचा विचार आपल्या मंडळाच्या या स्मरणिकेत करावा असे वाटते.

भाऊरावांचा जन्म १८८७ साली आपल्याच जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापुरास येऊन जैन वसतिगृहात राहिले. १९०८ साली येथे अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्या समारंभास जाऊन आल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास भाऊरावांनी नकार दिला, आणि त्यांना आपले वसतिगृह सोडावे लागले. शाहू महाराजांचा सहवास मात्र त्यांना लाभला. मॅट्रिकची परीक्षा काही त्यांच्या हातून पार पडली नाही. पुढे किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्याच्या निमित्ताने ते खेडोपाडी हिंडले. लोखंडाने जमीन नासते, अशी त्या काळी अनेक शेतकऱ्यांची समजूत होती. ती नुसत्या बोलण्याने जाणारी नव्हती. नांगराचा तास डोळ्यांनी पाहावा, तेव्हाच पटावे, असा तो मामला होता.

१९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. संस्थेजवळ पैसा नव्हता. सनातनी जैन घरात वाढलेल्या लक्ष्मीबाईंनी सोवळेओवळे बाजूस ठेवले आणि परक्यांच्या, नाना जातींच्या मुलांना आईप्रमाणे जेवू घातले. घरातील सोने एकामागून एक गेले. मग मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्या निवर्तल्या.

या वसतिगृहात मुले बसून खाणारी नव्हती. स्वयंपाक, पाणी भरणे, झाडलोट, शेतातील काम ही सर्व कामे तीच करीत. आपल्याकडे जी कामे बायकांची म्हणून हलकी मानली गेली, ती येथे शिक्षणाचा भाग झाली. एक भाकरीच घ्या. ज्वारीच्या पिठास गव्हासारखा चिकटपणा नसतो. पाणी किती घ्यावे, पीठ किती मळावे, तवा किती तापू द्यावा, हे पुस्तक वाचून येत नाही. चार भाकऱ्या मोडल्यावर हातच शिकतो. ज्या मुलाने अशी भाकरी थापली, तो आईच्या कामास हलके कसे म्हणेल? आणि एकाने थापलेली भाकरी सर्वांनी एका पंगतीत खाल्ली, की जातीची भिंत व्याख्यानाशिवाय ढासळू लागते. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले. तेथेही ‘कमवा आणि शिका’ या योजनेने हेच तत्त्व पुढे नेले. गरिबाच्या मुलाला दुसऱ्यापुढे हात न पसरता पदवी घेता आली, ती या श्रमाच्या बळावर.

आज मात्र आपण काय करतो? शिवणाचा वर्ग म्हणजे रिकाम्या वेळचा विरंगुळा, असे घरचे समजतात, आणि पुष्कळदा आपणही समजतो. छातीच्या मापावरून मुंढा बेतणे ही भूमितीच आहे, याची आठवण कोणी देत नाही. परीक्षेत मागे पडलेल्या मुलाला ‘जा, एखादे हातकाम शीक’ असे शिक्षा दिल्यासारखे सांगितले जाते. आणि हुशार मुलाच्या हाती केरसुणी दिली, तर त्याचा अभ्यास बुडेल म्हणून आपणच ती काढून घेतो.

लक्ष्मीबाईंच्या त्यागाला आपण हार घालतो, ते योग्यच आहे. पण त्यांचे काम पुढे चालवायचे तर एवढे तरी करू या : आपल्या मुलाला भाकरी थापायला आणि मुलीला विजेचा फ्यूज बसवायला शिकवू या. आपल्या शिवणवर्गातील भगिनीला तिच्या कामाचा योग्य मोबदला देऊ या. ‘घरच्याच तर आहात’ असे म्हणून तो कापू नये.