पचमढी : आपल्या पायांनी पाहण्याचे गाव

पचमढी हे सातपुड्याच्या महादेव डोंगरात, सुमारे १,०६७ मीटर उंचीवर वसलेले थंड हवेचे ठिकाण. जिल्हा नर्मदापुरम (पूर्वीचा होशंगाबाद). इंदूरहून रस्त्याने अंतर साधारण चारशे किलोमीटर. सहलीच्या बसने गेले की एका दिवसात आठ-दहा ‘पॉइंट’ होतात, पण गाव पाहायचे राहून जाते. आपले आपण जाऊ इच्छिणाऱ्या सभासदांसाठी ही माहिती देत आहोत.

इतिहास

कॅप्टन जेम्स फोरसिथ यांनी पचमढीचा ‘शोध’ लावला, असे गाइड हमखास सांगतात. त्यांनी १८६२ च्या सुमारास इथे बायसन लॉज बांधला आणि या डोंगरांवर लिहिलेले त्यांचे पुस्तक १८७१ मध्ये निघाले, हे खरे. पण गाव त्याआधीही होते. इथे कोरकू जहागीरदार होते आणि महादेवाच्या यात्रेला लोक येत होते. आपल्यासाठी आणखी जवळची गोष्ट म्हणजे, सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांच्या कैदेतून निसटलेले नागपूरचे अप्पासाहेब भोसले १८१८ मध्ये याच डोंगरांत गोंड सरदारांच्या आश्रयाला होते. पुढे १८१९ मध्ये ते इथून असीरगडाकडे निघाले.

नंतर नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांताचे सरकार उन्हाळ्यात इथे मुक्कामाला येऊ लागले. बंगले, छावणी आणि चर्च ही त्या काळाची देणगी. आजही गावाचा बराचसा भाग छावणी परिषदेत मोडतो आणि सेनेच्या शिक्षण विभागाचे प्रशिक्षण केंद्र इथे आहे.

कसे जावे

इंदूरहून नर्मदा एक्सप्रेसने भोपाळ, इटारसीमार्गे पिपरियाला उतरावे. तिथून पुढे सुमारे पन्नास किलोमीटरचा रस्ता, शेवटी घाट. बस आणि सवारी जीप मिळतात. गाडी अंधारात पोहोचत असेल तर उजाडेपर्यंत स्थानकावर थांबावे, घाट दिवसाच चढावा. थोडी रोकड सोबत असावी. डोंगरात नेटवर्क गेले की मोबाइलने पैसे देणे अडते.

काय पाहावे

*पहिला दिवस, पायी.* पठार बशीसारखे असल्याने गावात चढ फारसा नाही, ज्येष्ठांनाही फिरता येते. १८७५ चे क्राइस्ट चर्च, बायसन लॉजमधले संग्रहालय, पांडव गुंफा आणि जटाशंकर एवढे पुरे. जटाशंकरला मात्र पायऱ्या उतराव्या लागतात.

*दुसरा दिवस, जिप्सीने.* व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतल्या जागांसाठी वनखात्याची परवानगी आणि नोंदलेली जिप्सी लागते. दोन कुटुंबांनी मिळून घेतली तर खर्च निम्मा होतो. ठरवताना कोणत्या जागा आणि किती वेळ, हे आधीच बोलून घ्यावे. बी फॉल, हांडी खोह, प्रियदर्शिनी पॉइंट पाहून सूर्यास्ताला धूपगडावर असावे. १,३५२ मीटर उंचीचा धूपगड हे सातपुड्याचे सर्वोच्च शिखर.

*तिसरा दिवस, चौरागड.* शेवटच्या टप्प्यात सुमारे १,३०० पायऱ्या आहेत. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी बडा महादेव आणि गुप्त महादेवावर समाधान मानावे. वर नवसाच्या त्रिशूळांचे ढीग दिसतात. महाशिवरात्रीला विदर्भातून येणारे भाविक हे त्रिशूळ खांद्यावर घेऊन चढतात.

केव्हा जावे

ऑक्टोबर ते मार्च उत्तम. धबधबे हवे असतील तर पावसाळा सरताना जावे. नागपंचमीच्या सुमारास नागद्वारची यात्रा असते. महाराष्ट्रातून हजारो लोक येतात, गावभर मराठी ऐकू येते, पण खोल्या मिळत नाहीत. यात्रेसाठीच जायचे नसेल तर ते दिवस टाळावेत.

जंगलात प्लास्टिक टाकू नये, आणि माकडांसमोर पिशवी उघडू नये.