बायपासनंतरची हृदयाची अनियमित लय

बायपासनंतरची हृदयाची अनियमित लय : हृदयधमन्यांच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही दिवसांत होणारा ठोक्यांचा बिघाड. त्यातला सर्वांत नित्याचा प्रकार म्हणजे ॲट्रियल फिब्रिलेशन. यात अलिंदे आकुंचन न पावता नुसती थरथरतात आणि निलयांकडे विद्युतसंदेश वाटेल तसे पोहोचतात. बायपास झालेल्या सुमारे २० ते ४० टक्के रुग्णांत हा बिघाड आढळतो. त्याच वेळी झडपेचीही शस्त्रक्रिया झाली असल्यास प्रमाण वाढते. तो बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सुरू होतो आणि बऱ्याच जणांत सहा आठवड्यांच्या आत शमतो. निलयांमधून उद्भवणारे जीवघेणे लयदोष त्या मानाने विरळा.

कारणे : शस्त्रक्रियेने हृदयावरणाला येणारा दाह, शरीरातील ताणसंप्रेरकांची वाढ, अलिंदांना काही काळ कमी पडलेला रक्तपुरवठा, शिरेतून दिलेल्या द्रवाचा भार आणि पोटॅशियम-मॅग्नेशियमची घट ही कारणे एकत्र येतात. वाढते वय हा सर्वांत ठळक धोका. डावे अलिंद मोठे असणे, फुप्फुसांचा जुना विकार, स्थूलपणा आणि आधीपासून चालू असलेली बीटा-ब्लॉकर गोळी एकाएकी बंद होणे यांनीही शक्यता वाढते.

लक्षणे व निदान : छातीत धडधड, दम लागणे, चक्कर, गळून गेल्यासारखे वाटणे ही लक्षणे असतात, काहींना मात्र काहीच जाणवत नाही. नाडीचे ठोके कमी-अधिक अंतराने आणि कमी-अधिक जोराचे लागतात. इसीजीत पी-लहर दिसत नाही व ठोक्यांमधील अंतर असमान असते.

उपचार : रक्तदाब कोसळल्यास विजेचा शॉक देऊन लय तातडीने पूर्ववत करतात. प्रकृती स्थिर असल्यास मेटोप्रोलॉलसारख्या औषधाने ठोक्यांचा वेग आवरतात किंवा ॲमिओडॅरोनने लय सुधारतात. या दोन पद्धतींची तुलना करणारा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालयातील मुक्कामाच्या दिवसांत दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. अलिंदात रक्त साकळून झालेली गुठळी मेंदूकडे गेल्यास पक्षाघात होतो. म्हणून बिघाड ४८ तासांहून अधिक टिकल्यास किंवा पुन्हा पुन्हा आल्यास रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा विचार होतो. मात्र ताज्या जखमेतून रक्तस्राव होण्याचा धोकाही तोलावा लागतो.

प्रतिबंध : शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर बीटा-ब्लॉकर चालू ठेवणे हा मुख्य उपाय आहे, निवडक रुग्णांना ॲमिओडॅरोन देतात. शस्त्रक्रियेच्या वेळी हृदयावरणाला मागील बाजूस छेद देऊन साचलेल्या द्रवाला वाट करून देण्याची पद्धत २०२१ मधील चाचणीत उपयुक्त ठरली : बिघाडाचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आले.

सोलापुरातील संदर्भ : सोलापुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. बायपासचा तिच्यात समावेश आहे. शस्त्रक्रिया शहरात झालेली असो वा पुण्या-मुंबईत, रुग्ण सात रस्ता परिसरातील असो वा मंगळवेढा-अक्कलकोटकडचा, घरी परतल्यावरची देखरेख जवळच्या डॉक्टरकडेच होते. विडी-तंबाखूमुळे फुप्फुसे खराब झालेल्यांत धोका जास्त असतो. पारा चाळिशी ओलांडतो अशा उन्हाळ्यात लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असल्यास शरीरातील पाणी व पोटॅशियम घटू शकते. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्याने मेथी, शेपूसारख्या पालेभाज्या सोडायच्या नसतात, पण त्यांचे प्रमाण रोज साधारण सारखे ठेवायचे असते. ॲमिओडॅरोनमुळे वॉरफरिनचा परिणाम वाढतो, म्हणून दोन्ही चालू असताना रक्त गोठण्याचा वेळ दाखवणारी आयएनआर तपासणी अधिक वेळा करावी लागते. या कारणाने डिस्चार्ज कार्डावर बिघाड कधी झाला, ॲमिओडॅरोन केव्हा थांबवायचे आणि आयएनआर किती राखायचा याची नोंद आवश्यक ठरते. लय सुधारली तरी अशा रुग्णांत पुढील वर्षांत ॲट्रियल फिब्रिलेशन पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते.