कधीही न आलेला भाडेकरू : ठाणे-कल्याणची घरपट्टी आणि हरकतीचा हक्क

ठाण्यातील किंवा डोंबिवलीतील मालमत्ता कराचे देयक नीट वाचले, तर त्यात ‘करयोग्य मूल्य’ असा एक आकडा दिसतो. तो घराचा बाजारभाव नव्हे आणि क्षेत्रफळही नव्हे. एखादा भाडेकरू त्या घरात वर्षभरासाठी राहावयास आला, तर तो वाजवी भाडे किती देईल, याचा तो अंदाज असतो. मालक तीस वर्षे स्वतःच तेथे राहत असेल, भाडेकरूचे पाऊलही त्या उंबऱ्यावर पडले नसेल, तरी कर ठरतो तो या न आलेल्या भाडेकरूच्या भाड्यावरून. करआकारणीला हरकत घेणे म्हणजे त्याच्याशी वाद घालणे होय.

हा काल्पनिक भाडेकरू मूळचा इंग्लंडचा. गरिबांच्या मदतीसाठी तेथील पॅरिश घरांवर कर बसवीत असत. त्या आकारणीत एकसूत्रीपणा यावा म्हणून १८३६ च्या कायद्याने ‘वर्षाकाठी वाजवीपणे मिळू शकणारे भाडे’ ही कसोटी ठरवली. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात ती आली आणि तेथून १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमात उतरली. अपेक्षित भाड्यातून दुरुस्ती व इतर खर्चापोटी १० टक्के वजा करावयाचे आणि उरलेल्या रकमेवर कर लावावयाचा, हे सूत्र दोन्हीकडे सारखेच आहे.

‘घरपट्टी’ हा शब्द त्याहून जुना. मराठा अमदानीच्या हिशेबांतही तो आढळतो. परंतु त्या पट्टीविरुद्ध दाद मागायची ती फिर्याद घेऊन अधिकाऱ्याच्या दारी, त्याच्या मर्जीवर. ठराविक मुदत, लेखी हरकत, सुनावणी आणि अपील ही साखळी नगरपालिकांबरोबर आली. १८५० च्या कायद्याने रहिवाशांची इच्छा असेल तेथे नगरपालिका स्थापण्याची सोय केली. ठाण्यापर्यंत आगगाडी १८५३ मध्ये धावली, पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोहोचली. कल्याणची नगरपालिका १८५५ ची, ठाण्याची १८६३ ची. रूळ आणि कर या गावांत जवळजवळ एकाच पिढीत आले.

करदात्याच्या तक्रारीचे राजकारण होऊ शकते, हे प्रथम मुंबईने दाखवले. आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी शहरसुधारणेवर सढळ हाताने खर्च केला, त्याचा भार घरपट्टीवर पडला आणि १८७१ मध्ये करदाते उघडपणे उभे ठाकले. नवरोजी फर्दुनजी, विश्वनाथ नारायण मंडलिक, तरुण फिरोजशहा मेहता ही नावे त्या वादातील आहेत. १८७२ च्या कायद्याने ६४ सदस्यांची महापालिका आली आणि त्यांतील निम्मे सदस्य करदात्यांनी निवडून द्यावयाचे ठरले. मताचा हक्क कराच्या पावतीला बांधलेला होता, हे विसरता येत नाही. जो पट्टी भरत नव्हता त्याला शहराच्या कारभारात आवाज नव्हता. बहुसंख्य स्त्रिया, चाळीतले मजूर आणि सफाई कामगार त्यात आले. पुढे १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्याने लहान गावांनाही तीच पद्धत दिली : आकारणीची यादी प्रसिद्ध करावी, हरकती मागवाव्यात, त्या ऐकाव्यात आणि समाधान न झाल्यास मॅजिस्ट्रेटकडे अपील.

या कथेला खरे वळण मिळाले ते भाडेनियंत्रणाने. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या जागांचे प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी जखडून टाकले. मग प्रश्न उभा राहिला : कायद्याने जे भाडे घेताच येत नाही, ते नगरपालिकेच्या काल्पनिक भाडेकरूने तरी कसे द्यावे? कलकत्त्याच्या पद्मा देबी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये सांगितले की वाजवी भाडे म्हणजे प्रमाण भाड्याच्या मर्यादेतील भाडे. गुंटूरच्या करदात्यांच्या संघाने हा मुद्दा पुढे नेला, आणि दिल्लीच्या देवान दौलतराय कपूर प्रकरणात न्यायालय आणखी एक पाऊल पुढे गेले : प्रमाण भाडे कोणी ठरवून घेतलेले नसले, तरी तीच कमाल मर्यादा.

करदात्यांचा हा मोठा विजय होता. त्याची किंमत मात्र सर्वांनी सारखी मोजली नाही. १९४० नंतर प्रथमच भाड्याने दिलेल्या जागेचे प्रमाण भाडे म्हणजे तिचे पहिले भाडे. त्यामुळे ठाण्याच्या जुन्या पेठेतील चाळ आणि तिच्या शेजारी १९८० च्या दशकात उठलेली इमारत यांचे रस्ता, नळ, गटार एकच असले, तरी करयोग्य मूल्यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडले. गिरगाव-दादर सोडून डोंबिवलीत दोन खोल्या घेणारा कारकून जुन्या वाड्याच्या मालकापेक्षा चौरस फुटामागे जड कर भरू लागला. चाळीतला भाडेकरूही पूर्णपणे सुटला नव्हता, कारण पालिकेचा कर वाढला तर ती वाढ भाड्यात मिळवण्याची मुभा त्याच कायद्याने मालकाला दिली होती. गोठवलेल्या तारखेचा हा मोह आपल्याकडचाच नाही. इंग्लंडमध्ये १९९३ पासून घरांचे कर-गट १ एप्रिल १९९१ च्या किमतीवर ठरतात आणि रहिवासी आजही त्या जुन्या किमतीबद्दल वाद घालतात.

ठाणे महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी आणि कल्याणची १९८३ मध्ये अस्तित्वात आली, आणि दोन्ही शहरे १९४९ च्या अधिनियमाखाली गेली. त्यातील कराधानाचे नियम रूक्ष आहेत, पण वाचण्याजोगे आहेत. घराचा मालक किंवा भोगवटादार आपल्या घरापुरती आकारणी नोंदवही विनामूल्य पाहू शकतो. मूल्य प्रथमच लावले किंवा वाढवले, तर विशेष नोटीस द्यावी लागते. नवी नोंदवही चार वर्षांतून एकदा केली तरी चालते, परंतु हरकतीची जाहीर सूचना दरवर्षी द्यावयाची असते; म्हणजे जुन्या आकड्यालाही नव्या वर्षी आव्हान देता येते. ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

आयुक्तांच्या निर्णयाविरुद्ध कलम ४०६ खाली न्यायालयात अपील करता येते. मुदत १५ दिवसांची, आणि अट अशी की वादातील कर आधी भरलेला असावा. ‘आधी भरा, मग भांडा’ हा नियम अन्यायकारक असल्याची तक्रार अहमदाबादच्या अनंत मिल्सने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली. गुजरातेतही मुळात हाच अधिनियम लागू होता. १९७५ मध्ये न्यायालयाने अट कायम ठेवली : अपिलाचा हक्क कायद्याने दिलेला आहे, तेव्हा कायदा त्यावर अट घालू शकतो. युक्तिवाद निर्दोष असेल. पण गिरणीला ही रक्कम हिशेबातील एक ओळ असते, निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला ती दाराला लावलेली कडी ठरते.

घर सोडून गेलेल्याचीही गाठ सहज सुटत नाही. विक्रीनंतर तीन महिन्यांच्या आत देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने, दोघांनीही पालिकेस कळवावे, असा नियम आहे. कळवले नाही तर जुना मालक कराला जबाबदार राहतो. बदलापूरला किंवा पुण्याला गेलेल्या माणसाच्या नावाने डोंबिवलीतील देयक निघत राहते, ते यामुळे.

कल्याणच्या २७ गावांत तर घर न हलताच करव्यवस्था बदलत गेली. १९८३ मध्ये ती महापालिकेत आली, २००२ मध्ये वगळली गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा घेतली गेली. २०२० मध्ये त्यांतील १८ गावे वगळण्याचा शासनाचा निर्णय त्याच वर्षअखेरीस उच्च न्यायालयाने रद्द केला. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीची सवय असलेल्या माणसाला शहराचा कर टप्प्याटप्प्यानेही जड वाटतो. पाणी आणि रस्ते मात्र त्या वेगाने येत नाहीत, ही तेथील संघर्ष समितीची जुनीच तक्रार.

मुंबईने २०१० पासून काल्पनिक भाडेकरूला निरोप देऊन भांडवली मूल्य स्वीकारले. तेव्हा वादही बदलला. जमिनीवर पुढे किती बांधकाम होऊ शकेल, हे गृहीत धरणारे नियम उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले आणि ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. तेथे न आलेल्या भाडेकरूच्या जागी न बांधलेली इमारत उभी होती. ठाणे-कल्याणच्या देयकावर अजून तो जुना भाडेकरूच राहतो आहे.